एप्रिलमध्ये रोजच्या प्रॉम्प्टवर लिहिलेली कविता निबंधासारखी का होते?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. आपण यंदा पहिल्यांदाच एप्रिल महिनाभर रोज एक कविता लिहिण्याचे ठरवले आहे. इंग्रजीतला रोजचा प्रॉम्प्ट, म्हणजे कवितेसाठी सुचवलेला विषय किंवा अट, आपल्या गटात कुणीतरी सकाळी मराठीत करून देते. पहिला आठवडा नेमाने लिहून झाल्यावर आपल्या लक्षात आले की ‘आई’, ‘खिडकी’, ‘जुनी वस्तू’ यांवरच्या आपल्या कविता शाळेतल्या निबंधांसारख्या झाल्या आहेत आणि गटातल्या इतरांच्या कवितांशी त्या फारच मिळत्याजुळत्या आहेत. मधले तीन दिवस कार्यालयीन कामामुळे चुकले, ते भरून काढावेत का, हा आपला दुसरा प्रश्न. अशी दुसऱ्याने सुचवल्यावर लिहिलेली कविता खरी म्हणावी का, हा तिसरा. उद्याचा प्रॉम्प्ट ‘पाणी’ आहे आणि तो वाचूनच हात थांबला, असेही आपण लिहिले आहे.

मला वाटते, अडचण प्रॉम्प्टमध्ये नसून आपण तो कसा वाचतो त्यात आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे लेखन शाळेच्या निबंधाच्या वहीत सुरू झाले. एक शब्द फळ्यावर लिहिला जाई आणि त्याविषयी सर्वांना ठाऊक असलेले, सर्वांना मान्य असलेले विचार क्रमाने मांडून शेवटी एक उदात्त वाक्य लिहायचे असे. ही सवय इतकी खोल गेलेली आहे की ‘खिडकी’ हा शब्द वाचताच मन त्या शब्दाविषयीची सामाईक मते गोळा करू लागते: खिडकीतून जग दिसते, खिडकी म्हणजे आशा, बंद खिडकी म्हणजे एकटेपणा. ही मते चुकीची नाहीत, पण ती आपली एकट्याची नाहीत, आणि म्हणूनच एका गटातल्या दहा जणांच्या कविता एकमेकींसारख्या होतात.

हा उपक्रम कशासाठी सुरू झाला हे थोडक्यात सांगणे येथे उपयोगाचे आहे. अमेरिकेत ‘अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स’ या संस्थेने 1996 मध्ये एप्रिल हा राष्ट्रीय काव्यमहिना म्हणून पाळायला सुरुवात केली. पुढे 2003 मध्ये मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने एप्रिलच्या तीस दिवसांत रोज एक कविता लिहून आपल्या ब्लॉगवर ठेवायचे ठरवले. महिनाभरात कादंबरी लिहून काढण्याचा उपक्रम 1999 पासून चालू होता, त्यावरून तिला ही कल्पना सुचली होती. नंतर इतर कवी तिला येऊन मिळाले, आणि आज जगभरातून लोक आपापल्या भाषेत यात लिहितात. या उपक्रमाच्या संकेतस्थळावर जो प्रॉम्प्ट दिला जातो तो ऐच्छिक असतो, हे आपल्या गटात बहुधा कुणी सांगितलेले नसावे. मुख्य गोष्ट रोज लिहिणे ही आहे. ज्याला त्या दिवशी स्वतःचे काही सांगायचे आहे त्याने प्रॉम्प्ट बाजूला ठेवला तरी त्याचा महिना अपुरा राहत नाही.

आता आपला तिसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर आहे. दुसऱ्याने दिलेल्या शब्दांवरून कविता करणे आपल्याकडे नवे नाही. संस्कृतात आणि त्या वळणाने मराठीतही समस्यापूर्तीची परंपरा होती. श्लोकाचा एक चरण दिला जाई आणि कवीने उरलेले चरण रचून तो अर्थपूर्ण करायचा असे. कालिदास आणि भोजराजा यांच्याविषयी सांगितली जाणारी आख्यायिका आपण ऐकलीच असेल. कवीला समस्या म्हणून जो चरण दिला गेला त्यात ‘ठ’ या अक्षराखेरीज काहीच नव्हते: ठाठंठठंठं ठठठं ठठंठः. त्यावर रचलेला श्लोक असा की रामाच्या अभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली आणि पायऱ्यांवरून घरंगळताना तिचा हा आवाज झाला. आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला टिकत नाही, पण आपल्या कामाची सगळी रीत तिच्यात आहे. कवीने ‘ठ’ या ध्वनीवर आपले विचार मांडले नाहीत. हा ध्वनी कुठे, कोणाच्या हातून, कोणत्या घटकेला निर्माण होईल, ते त्याने शोधले, आणि त्या शोधात त्याला एक जिना, एक घागर आणि एक गोंधळलेली मुलगी सापडली. उर्दूतल्या तरही मुशायऱ्यात दिलेल्या ओळीवर गझल रचतात, मराठी गझलकारांतही ती रीत आहे. तेव्हा निमित्त बाहेरून आले म्हणून कविता खोटी ठरत नाही. जे सापडले ते आपले आहे की नाही, एवढेच पाहायचे.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे आणि कार्यशाळेतही तोच सांगते. प्रॉम्प्ट जेव्हा विषय देतो तेव्हा तो सैल धरावा, आणि जेव्हा रचनेची अट घालतो तेव्हा ती अक्षरशः पाळावी. विषय आपल्याला तेच विचारतो ज्याचे उत्तर आपल्याकडे आधीच तयार असते. रचनेची अट मात्र तयार उत्तराला वाट देत नाही. ती मनात आलेला पहिला शब्द नाकारते आणि दुसरा, तिसरा शोधायला लावते. म्हणून नुसता विषय मिळाला तर मी स्वतःहून त्याला एखादी रचनेची अट जोडते, आणि नुसती अट मिळाली तर त्या दिवशी डोळ्यांसमोर जे असेल ते तिच्यात घेते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते आपल्याच यादीतल्या ‘जुनी वस्तू’ या प्रॉम्प्टवरून दाखवते, कारण तसाच प्रॉम्प्ट मागे एका एप्रिलमध्ये मलाही आला होता. सकाळी तो वाचल्यावर मी काहीही लिहीत नाही. मनात आलेल्या पहिल्या काही गोष्टी फक्त वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवते. त्या वेळी त्या होत्या जाते, पाटा-वरवंटा, कंदील आणि आजीची पेटी. या सगळ्या वस्तू मला प्रिय आहेत, पण त्यांच्यावर इतके लिहिले गेले आहे की त्यांच्यामागून शब्दही तयारच येतात. म्हणून मी त्यांवर रेघ मारते आणि दिवसभर स्वतःला बारीक प्रश्न विचारते. माझ्या घरातली कोणती जुनी वस्तू अजूनही कामासाठी हातात घ्यावी लागते? कोणत्या वस्तूवर कुणाची तरी सही आहे? संध्याकाळपर्यंत मला माहेरची जुनी शिधापत्रिका आठवली. तिच्यावर माझ्या नावावरून एक आडवी रेघ आहे, शेजारी कार्यालयाचा शिक्का आहे आणि ‘नाव कमी केले’ असा शेरा आहे. लग्नानंतर सासरच्या पत्रिकेत नाव घालण्यासाठी नाव कमी केल्याचा दाखला लागतो, हे अनेक घरांत घडते. पण ती रेघ, तो शिक्का आणि तो शेरा माझ्या ओळखीचे आहेत.

येथवर वस्तू मिळाली होती, कविता मिळाली नव्हती. याच वस्तूवर मुक्तछंदात लिहायला बसले असते तर माहेर तुटल्याची परिचित खंत मी ओळींवर ओळी लिहीत गेले असते. म्हणून मी मोठ्या अभंगाची चौकट घेतली. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे.

शिधापत्रिकेत / चौथे नाव माझे / तांदळाचे ओझे / कमी झाले

माप ओलांडले / सांडले तांदूळ / तेवढेच मूळ / इथे माझे

दुसऱ्या चरणाच्या शेवटी ‘माझे’ आले आणि मला यमक हवे होते. वाजे, साजे, ओझे असे मोजके शब्द समोर आले. त्यांतला ‘ओझे’ घेतल्यावर कशाचे ओझे हा प्रश्न उभा राहिला, आणि शिधापत्रिकेवरचे धान्य माणशी मोजले जाते हे आठवून तांदूळ आला. तांदूळ आला म्हणून उंबरठ्यावरचे माप आठवले. एका घरातून जेवढा तांदूळ वजा झाला तेवढाच जणू दुसऱ्या घराच्या उंबरठ्यावर सांडला, हा विचार लिहायला बसताना माझ्या मनात नव्हता. तो यमकाच्या शोधात वाटेवर भेटला. रचनेची अट काटेकोर पाळावी असे मी म्हणते ते यासाठी.

या चौकटीत आणखी एक सोय आहे, ती मराठी वाक्याशी निगडित आहे. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, त्यामुळे यमक जुळवायला गेले की आले-गेले, होते-जाते, आहे-पाहे अशा जोड्या आपोआप पडतात आणि कविता कानाला मिळमिळीत लागते. नवख्या लेखकाच्या प्रॉम्प्टवरच्या कविता एकसारख्या वाटण्याचे हे फार मोठे आणि सहसा न बोलले जाणारे कारण आहे. मोठ्या अभंगात यमक मधल्या दोन चरणांत असते आणि चौथा चरण मोकळा असतो, म्हणून क्रियापद त्या मोकळ्या जागी शांतपणे बसते आणि यमक नामांच्या किंवा सर्वनामांच्या वाट्याला येते. ज्ञानेश्वरीतल्या ओवीतही तीन चरण यमकाचे आणि शेवटचा आखूड चरण यमकाशिवाय असतो. गझलेने याच अडचणीवर वेगळा उपाय केला आहे. तिथे क्रियापद रदीफ म्हणून प्रत्येक शेराच्या, म्हणजे दोन ओळींच्या कडव्याच्या, शेवटी जसेच्या तसे येऊ शकते आणि खरे यमक त्याच्या आधीच्या शब्दात साधले जाते. ‘आहे’ हा शब्द यमक म्हणून दुबळा आहे, रदीफ म्हणून समर्थ आहे. मात्र वृत्ताचा सराव नसेल तर गझलेच्या दिवशी पाच शेरांचा आग्रह धरू नये. दोन शेर नीट वृत्तात बसवणे हे एका दिवसाचे पुरेसे काम आहे.

इंग्रजीतून येणारे काही प्रॉम्प्ट मराठीत तसेच चालत नाहीत, आणि तेथे प्रॉम्प्टचा हेतू ओळखून अट बदलून घ्यावी लागते. प्रत्येक ओळ वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू करा, असा एक प्रॉम्प्ट हमखास येतो. मराठीत ङ, ञ, ण आणि ळ यांनी शब्द जवळजवळ सुरूच होत नाहीत. एरवी सुचले नसते असे शब्द वहीत यावेत, हा या अटीचा हेतू आहे. तेव्हा मी ती उलटी करते आणि सगळ्या ओळी ‘ळ’ या अक्षरावर संपवते. बाभूळ, ओघळ, वादळ, आभाळ, सकाळ, काजळ असे शब्द ओळीच्या टोकाला येऊन उभे राहिले की कवितेला आपल्या भाषेचा असा नाद येतो जो इंग्रजी प्रॉम्प्ट देणाऱ्याला सुचणे शक्य नव्हते. टेरन्स हेज या अमेरिकन कवीने ग्वेंडोलिन ब्रूक्स या कवयित्रीच्या कवितेवरून रूढ केलेला एक प्रकारही या महिन्यात येतो. त्यात दुसऱ्या कवीच्या ओळीतला एकेक शब्द आपल्या एकेका ओळीच्या शेवटी यावा लागतो. मराठीत त्यासाठी वाक्यांची फार ओढाताण होते. तेच शब्द ओळींच्या आरंभी घेतले तर वाक्य मोकळे राहते आणि मूळ कवीशी नातेही टिकते.

हायकूच्या, म्हणजे तीन ओळींच्या जपानी काव्यप्रकाराच्या, दिवशी अक्षरे मोजण्याआधी थोडे थांबावे. ‘घर’ या शब्दात लिहिताना दोन अक्षरे मोजली जातात, पण उच्चारताना एकच ठोका ऐकू येतो. त्यामुळे पाच-सात-पाच हा जपानी हिशेब मराठी अक्षरांवर लावला की जागा फार अपुरी पडते आणि वाक्य तुटक होते. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, त्यांचे हायकू वाचून मग लिहावे. तीन छोट्या ओळी, एक क्षण आणि शेवटी दृष्टीला मिळणारे वळण, एवढे सांभाळले तर अक्षरांचा हट्ट सोडला तरी चालतो.

ऋतूंविषयीच्या प्रॉम्प्टबाबतही असेच. एप्रिलमधले पुष्कळसे प्रॉम्प्ट वितळणारा बर्फ, पहिली हिरवळ, ट्यूलिप यांच्या आसपास फिरतात, कारण ते ज्या देशात लिहिले जातात तिथे तेव्हा हिवाळा नुकताच संपलेला असतो. नागपूर किंवा जळगावच्या माणसाने चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात बसून कोवळ्या हिरवळीवर लिहिले तर ते वाचकाला पटत नाही. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा आहे. त्यात पळस फुलून झालेला असतो, कडुनिंबाला मोहोर येतो, विहिरीचा तळ दिसू लागतो. कॅनडात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने मात्र तो बर्फच लिहावा, आणि त्यासाठी मराठीत पुरेसे शब्द नाहीत ही अडचण कवितेत उघडपणे येऊ द्यावी.

चुकलेल्या तीन दिवसांविषयी माझे मत स्पष्ट आहे, पण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या दिवसांत एखादी ओळ टिपलेली असेल तर ती पूर्ण करावी. काहीच टिपलेले नसेल तर ते दिवस सोडून द्यावेत आणि आजच्या प्रॉम्प्टकडे वळावे. एका रात्रीत तीन कविता लिहून हिशेब पूर्ण करणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्या तिन्ही कवितांची वाक्यरचना सारखी असते आणि शेवटही एकाच सुरात होतो, कारण त्यांच्यामध्ये दिवस गेलेला नसतो. एप्रिल आपल्याकडे परीक्षांचा, उत्तरपत्रिका तपासण्याचा आणि लग्नसराईचा महिना आहे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर रोज पूर्ण कविता होणार नाही. अशा दिवशी आठ-आठ अक्षरांच्या दोन ओळी, म्हणजे लहान अभंगाचे एक कडवे, इतके पुरेसे आहे. वेळेची सोय म्हणून मी प्रॉम्प्ट सकाळी वाचते आणि रात्री जेवणानंतर लिहिते. ज्यांना पहाटे लिहिणे साधते त्यांनी आदल्या दिवशीचा प्रॉम्प्ट दुसऱ्या पहाटे घ्यावा. वाचणे आणि लिहिणे यांच्यात काही तास जाऊ द्यावेत, एवढाच माझा आग्रह आहे.

काही प्रॉम्प्ट सोडून देण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवावा. ‘गेलेल्या माणसाला पत्र लिहा’ असा प्रॉम्प्ट आला आणि घरातले माणूस नुकतेच गेलेले असेल, तर त्या दिवशी कुणाच्याही सांगण्यावरून त्या दुःखाला हात घालू नये. ते लिहिण्याची वेळ ज्याची त्याला कळते. कार्यशाळेत अशा वेळी मी त्या व्यक्तीला दुसरा प्रॉम्प्ट देते आणि कारण विचारत नाही.

गटात कविता त्याच दिवशी टाकावी का, हे आपण विचारलेले नाही, पण त्याचा संबंध निबंधासारख्या होण्याशी आहे. लगेच टाकलेल्या कवितेला ‘अप्रतिम’, ‘क्या बात’ असे अभिप्राय येतात, आणि ते प्रेमाने दिलेले असले तरी त्यानंतर त्या कवितेला हात लावणे जड जाते. शिवाय पुष्कळ स्पर्धा आणि दिवाळी अंक अप्रकाशित कविता मागतात, आणि सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टाकलेली कविता काहींच्या दृष्टीने प्रकाशित ठरते. म्हणून उपस्थिती नोंदवायची असेल तर दोन ओळी टाकाव्यात आणि उरलेले वहीत ठेवावे. मे महिनाभर ती वही उघडू नये. जूनमध्ये वाचताना असे दिसेल की बऱ्याच कवितांच्या पहिल्या तीन-चार ओळी प्रॉम्प्टला उत्तर देण्यात गेल्या आहेत आणि कविता त्यानंतर सुरू झाली आहे. त्या ओळी काढून टाकाव्यात. मग प्रॉम्प्ट ठाऊक नसलेल्या माणसाला कविता वाचायला द्यावी. त्याला ती समजण्यासाठी प्रॉम्प्ट सांगावा लागला, तर काम अजून बाकी आहे असे समजावे. तीसांतल्या थोड्याच कविता या परीक्षेला उतरतात, आणि एका महिन्याच्या कामाला तेवढे फळ मला पुरेसे वाटते.

उद्याच्या ‘पाणी’साठी असे करून पाहावे. जीवन, अश्रू, नदी, पाऊस हे शब्द आधी मागच्या पानावर लिहून त्यांवर रेघ मारावी. मग आपल्या स्वतःच्या घरात पाणी कोणत्या वेळी येते, ते कोण भरते, कशात भरते, आणि ते न आल्याच्या दिवशी सर्वांत आधी काय बंद होते, याची चार-पाच वाक्ये साध्या गद्यात लिहावीत. नळाची वेळ, टँकरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक, सोसायटीच्या फलकावरची सूचना, हंड्याचा पोचा, टाकीवरचे सैल झाकण यांपैकी जे खरोखर आपल्या डोळ्यांसमोर आहे ते एकच घ्यावे. त्यावर आठ-आठ अक्षरांचे चार चरण रचावेत, कोणतेही यमक क्रियापदावर येऊ देऊ नये, आणि संपूर्ण कवितेत ‘पाणी’ हा शब्द एकदाही वापरू नये.